पाचवा गुण

फॉर्म हातात धरून पोरगी विचारते,
"काका, समाधानी? पाचपैकी किती?"

मल्लेशम येमूल. टॉवेलचा कारखाना, रात्रपाळी.
जन्मभर सूत, आज तोंडात कापूस.
एका हातात गोळ्यांची चिठ्ठी,
दुसऱ्याच्या पेरांवर
तो खाडा मोजतोय.

आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं,
"धोट्यातला धागा अजून तोंडानंच ओढता?"
आणि थांबल्या होत्या, उत्तरासाठी.
तीस वर्षांत मालक नाही, मुकादम नाही,
या तोंडात कुणी डोकावलं नव्हतं.

चार बोटं वर.

"एक का कापला?"

कापूस जिभेनं सारत म्हणतो,
"कडक भाकरी कुठं खाल्लो अजून?
शेंगाचटणी लावून, ह्याच बाजूनं.
परवा सांगतो की.
तेवढी जागा मोकळी ठेव."