पान दोनशे अकरा

वय एकसष्ट, आणि रात्री दोन-दोनपर्यंत
मी सोळा वर्षांच्या पोरींची प्रेमं वाचत बसते.
नवरा कूस बदलून म्हणायचा, लॉरेन, दिवा मालव.
आता दिवा जळत राहतो.

कागदाची गिरणी चालू होती तेव्हा गावाला
उकडलेल्या कोबीचा वास यायचा.
आम्ही त्याला पगाराचा वास म्हणायचो.
आता पेनॉबस्कॉटला नुसता नदीचा वास येतो,
शाळेत एकशे चाळीस मुलं उरलीत,
आणि त्यांच्यासाठी कादंबऱ्या मी निवडते:
महिन्याला एक खोकं शाळेच्या पैशांतून,
दुसरं माझ्या.

शिफारस करायचंही एक शास्त्र असतं, असं मला वाटायचं.
"यातली मुलगी अगदी तुझ्यासारखी आहे" म्हणू नये.
आपल्यासारखं कुणी असावं असं पंधराव्या वर्षी वाटत नाही,
निदान मधल्या सुट्टीत, चारचौघांत.
"छान आहे" म्हटलं की पुस्तक मेलं.
"रडू येईल" तर चुकूनही नाही.
पुस्तक टेबलावर पालथं ठेवायचं आणि निघून जायचं,
मांजरासाठी बशी ठेवतात तसं.

कोल्बी ऊलेटसाठी मी बशी ठेवली जानेवारीत.
तो हीटरपाशी यायचा, बूट वाळवायला.
गोष्ट एका मुलीची:
भाऊ तुरुंगात, आणि ही त्याचा ट्रक
चोरून चालवायला शिकते.
शेवट मला पटला नव्हता. मधे मात्र एके ठिकाणी...
असो.

मार्चमध्ये पुस्तक परत आलं.
कणा मोडलेला, कव्हरवर ग्रीसचा अंगठा,
आणि दोनशे अकरावं पान गायब.
पट्टी लावून, ब्लेडनं, शिवणीलगत
इतकं जपून कापलेलं की मोजल्याशिवाय कळू नये.
कागदाला दोन बाजू, म्हणजे दोनशे बाराही गेलं.
नियमानं दंड अठरा डॉलर.
मी पावतीपुस्तक काढलं. त्यानं खिसे चाचपले.
मी पावतीपुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं.

पुस्तक बाद करायला घेतलं तर म्हणाला, थांबा.
आणि आत पिवळी चिठ्ठी चिकटवली:
"यात २११ नाही. हवं असेल तर मला विचारा.
कोल्बी. वर्कशॉपच्या मागे."

अठरा वर्षं मी चिठ्ठ्या लिहितेय,
सुबक अक्षरात, चांदण्या काढून.
कुणी कधी काही विचारलं नाही.

टेस सोकबेसन पहिली गेली.
परत आली ती नाक लाल करून;
थंडी आहे, म्हणाली, एप्रिलच्या उन्हात.
मग आइस हॉकीचे दोघे, मग त्यांच्या बहिणी,
मग बसची ड्रायव्हर, जिनं शाळेत असताना
माझ्याकडून एकही पुस्तक नेलं नव्हतं.
जूनपर्यंत नऊ नावं चढली कार्डावर.

मला राहवेना. नवी प्रत मागवली,
उभ्या उभ्या पान उघडलं.
मुलगी पेट्रोल भरते. चिल्लर मोजते.
पंपावरचा म्हातारा म्हणतो, मागचं चाक बघून घे.
बस. दोन्ही बाजू मिळून इतकंच.

मीही गेले मग वर्कशॉपच्या मागे.
मला सांग, म्हटलं.
तो बुटांकडे बघत राहिला, मग म्हणाला:
ती तुरुंगाच्या फाटकापर्यंत जाते. आत जात नाही.
इंजिन चालू ठेवून बसते बराच वेळ.
मग दोनदा हॉर्न वाजवते, लांब,
आणि घरी येते.

यातला एक शब्दही छापलेला नाही.
पण गावातून वॉरनचा तुरुंग अडीच तासांवर आहे,
आणि जुन्या ट्रकला
वाटेत पेट्रोल भरावंच लागतं.

नवी प्रत माझ्या उशाशी आहे. शाळेत जुनीच फिरते.
परवा चिठ्ठीखाली कुणीतरी
निळ्या पेननं खरडलेलं दिसलं:
"दोनदा विचारा. दुसऱ्या वेळी वेगळं सांगतो."