ह्यांच्या बाजूला

पालिकेच्या पोरानं फ्रिज पुढे ओढला,
मागच्या ट्रेवर टॉर्च मारला:
"अळ्या आहेत, काकू."
दीड वर्षात तिथं वाकून बघणारं
चुनाभट्टीच्या ह्या घरात कुणी उरलं नव्हतं.

मग तळमजल्याच्या फिलोमिनानं शिकवलं:
दोन लिटरची बाटली मानेखाली कापायची,
मान उलटी करून तिच्यातच बसवायची.
कोमट पाण्यात गूळ, वर चिमूटभर यीस्ट,
बाहेरून काळा कागद. ढवळायचं नाही.
"चावणारी मादी श्वासाच्या मागावर येते गं.
यीस्ट श्वास सोडतं,
झोपलेल्या माणसासारखा."

गूळ होताच, ह्यांच्या चहाचा,
डब्याच्या तळाशी दगड झालेला.
बत्त्यानं फोडला.
बाटली पलंगाखाली ठेवली, ह्यांच्या बाजूला.

दिवा मालवल्यावर ऐकू येतं:
बुड्. बुड्.
मग बराच वेळ काही नाही.
मी श्वास रोखते.
बुड्.
ह्यांचाही असाच अडखळायचा,
मी कोपरानं ढोसायचे.

सकाळी मोजले: बाटलीत चार डास, एक चिलट,
माझ्या पायांवर सात चावे.
म्हणजे अजून
गुळापेक्षा मीच बरी लागते.

पंधरा दिवसांनी फेस बसला, बाटली गप्प झाली.
हलवून पाहिली. मोरीत ओतली, विसळली,
आणि चपला घालून खाली उतरले.

अर्धा किलो गूळ तोलताना वाणी म्हणाला,
"पाहुणे आलेत वाटतं?"

हो, म्हटलं.
पावसाळाभर राहतील.