दोन स्टॉप बिट

हत्तुरे सरांचा सेट सत्त्याऐंशीचा.
टेलिफोन खात्यात असताना पतपेढीचं कर्ज काढून घेतला
आणि घरी सांगितलं, ऑफिसचा आहे.
बाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली,
त्यांनी विणलेला क्रोशाचा रुमाल
अजून ऑफिसच्या सेटवर.

आता सरांना ऐकू येत नाही.
आधी उंच सूर गेले, मग कुकरची शिट्टी,
मग मोर्सचा तो सातशे हर्ट्झचा बारीक सूर
ज्याच्या सोबतीनं चाळीस वर्षं रात्री काढल्या.
यंत्र लावलं की भवानी पेठेतले सगळे माग
एकदम कानात शिरतात, म्हणतात.
म्हणून ते डबीतच.

मी लावण्या येमूल. अशोक चौकात मोबाइल दुरुस्त करते.
सोल्डरिंग सरांनी शिकवलं, मी दहावीत असताना,
म्हणून हे काम माझ्याकडे:
जुन्या सेटला प्रोग्रामशी बोलतं करायचं.

पहिले चार दिवस दोघंही गप्प.
लॅपटॉप म्हणतो कॉम तीन,
केबल काढून परत घातली की कॉम सात.
प्रोग्राम सुसाट, नऊ हजार सहाशेनं विचारतो,
सेट अठ्ठेचाळीसशेच्या वर पाऊल टाकत नाही,
आणि दर अक्षरामागे त्याला
एक नाही, दोन स्टॉप बिट लागतात.
हे मी सरांना पाटीवर लिहून दाखवलं.
हसले. त्यांच्याशीही असंच बोलावं लागतं,
एक वाक्य, मग थांबायचं,
ओठ बघू द्यायचे.

पाचव्या रात्री झाकण उघडलं.
आयएफमधून एक तार बाहेर काढली, मध्ये छोटा बफर,
सेटच्या जिवाला ओढ बसू नये म्हणून,
आणि ती डोंगलला दिली.
पडदा भरू लागला.
प्रोग्राम त्याला धबधबा म्हणतो,
मला माग दिसला:
वर एकेक ओळ विणली जाते, खाली सरकते,
निळ्यात पिवळं.

बाबा साखर पेठेत जकार्डचे पत्ते ठोकायचे.
भोक असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे नाही,
एवढ्यावर चादरीत मोर उभा राहायचा.
पत्ता बोटांनी चाचपून सांगायचे,
इथं मान चुकलीये.

आणि इथं सगळाच मोर चुकला होता.
डायल वर न्यावा तर चित्र दुसऱ्याच बाजूला पळे.
दोन तास केबल तपासली, तेलुगूत शिव्या दिल्या.
सर उठले, पलंगावरची चादर ओढली,
उलटी करून माझ्यापुढे धरली:
तोच मोर, लाल होता तिथं पांढरा,
तोंड पलीकडे.
"मिक्सर उलटा करलालाय की गं."
सेटिंगमध्ये एक चौकोन होता. टिक केली.

साडेदहाला शेजारचे यंत्रमाग थांबले,
पडद्यावरचे पिवळे पट्टे एकेक करून विझले.
उरला नुसता काळोख, आणि त्यात
एक बारीक ओळ, तुटक, लांब, तुटक.

सरांनी चष्मा काढला, नाक काचेला लावलं.
"दिसलालंय," म्हणाले, "दिसलालंय की गं मला."
मग बराच वेळ नुसते ओठ हलत होते.
"तिसरी डॅश बघ. दरवेळी ओढतो.
बेल्लारीचा हा. मनगट मोडलं होतं शहाण्णवात."
आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता,
"म्हणजे अजून आहे."

मला परवाना नाही, मी कीला हात लावत नाही.
त्यांनी लावला.
आधी थरथरला हात, मग जुना झाला.

पलीकडून काही नाही.
एक मिनिट. सव्वा.
मी लेव्हल बघायला वाकले तर
त्यांनी माझं मनगट धरलं.
थांब.
तोही म्हातारा झालाय,
त्यालाही दोन लागत असतील.