पहिला गिअर

एसी लावला की धाप लागते हिला.
दिवाडीच्या चढणीवर एसी बंद, काचा खाली,
आणि मागून आलेला पोदेर
पावाची सायकल हातानं ढकलत
पुढे निघून गेला.

"कशी आहे गाडी?" वृंदानं विचारलं.
"विचारी," म्हणालो.

वर चर्चपाशी एक बाई हात हलवत होत्या.
मीही हलवला, भरभरून.
त्या पोदेराला बोलावत होत्या.
हात मग केसांतून फिरवून घेतला.

सोडा पिऊन आलो, दार उघडून बसलो,
किल्ली लागेना.
"चल गं, फेरी चुकेल."
शेजारी एक म्हातारबा, मांडीवर बांगड्यांची पिशवी.
पांढऱ्या गाड्या सगळ्या सारख्याच.
"खंय वचपाचें?" त्यांनी शांतपणे विचारलं.

उतारावर गाडी
न सांगता पळाली.
वृंदा धक्क्यापर्यंत हसत होती.