जागा एक

जागा एक आहे. दोन वर्षांची.
पगार बेताचा, ट्रक विद्यापीठाचा,
त्याची उजवी काच खाली येत नाही.
हे जाहिरातीत लिहिलं होतं, मग खोडलं.

पश्चिम टेक्सास. लाल माती, मेस्कीटची काटेरी झुडपं,
नजर पोचेल तिथवर कुंपणाच्या तारा.
पक्षी: बॉबव्हाइट लावा.
मुठीत मावणारा जीव,
त्याच्या गळ्यात सहा ग्रॅमचा रेडिओ.

‘संख्याशास्त्राची आवड असावी’ असं लिहिलंय.
लिहायला हवं होतं: पहाटे चारला उठून
अँटेना डोक्यावर धरून चालता यावं,
आणि टिकटिक एकाएकी दुप्पट झाली
की आहात तिथे उभं राहता यावं.
बारा तास पक्षी हलला नाही
की कॉलर घाई करू लागते.

मागच्या जूनमध्ये रोझाल्बा
तशाच एका घाईच्या मागे गेली.
झुडपापाशी पोचली, तर आवाज पुन्हा संथ,
जिवंत असल्यासारखा,
आणि गवतातून पुढे सरकू लागला.
कॉलर सापाच्या पोटात होती.
नंबर चारशे अकरा.
ती बराच वेळ त्याच्या मागून चालत राहिली,
का, ते तिने वहीत लिहिलेलं नाही.

खर्च एल्डन प्रूइट देतो.
रान त्याचं, बंदूकही त्याचीच.
लावे मोजायचे ते नोव्हेंबरात मारायला उरावेत म्हणून.
हेही जाहिरातीत नाही.
दर ऑक्टोबरात तो विचारतो, ‘किती?’
मी सांगते: पंचाण्णव टक्के खात्रीने
इतक्यापासून इतक्यापर्यंत.
‘माझी कुत्री एकच आकडा सांगते,’ तो म्हणतो.
तीन हंगाम त्याने बार काढलेला नाही.
कुत्री मात्र अजून झुडपापुढे एक पाय उचलून
थरथरत थांबते.
तो तिला हळूच म्हणतो, ‘कळलं.’

वाढीचा दर सहा वर्षं एकाच्या खाली आहे.
‘कालावधी: दोन वर्षं’ लिहिताना
क्षणभर वाटलं, कोणाचा?

मॉडेलमध्ये प्रत्येक पक्षी म्हणजे एक ओळ:
एक शून्य शून्य एक शून्य.
एक म्हणजे दिसला.
शून्य म्हणजे, आणि इथेच नवा मुलगा चुकतो,
मेला नव्हे.
शून्य म्हणजे आम्हाला दिसला नाही.
डेव्हिन काम अर्ध्यावर टाकून गेला,
माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही.
नऊ शून्यांनंतर नाताळात त्याचं कार्ड आलं:
ओमाहात छपरं घालतो, मुलगी झाली.
मी कार्ड लाव्यांच्या फायलीतच ठेवलं.

अर्ज पंधरा तारखेपर्यंत.
दोन शिफारसपत्रं, वाहन चालवण्याचा परवाना.
सापांची भीती असली तरी चालेल.
प्रूइटची कुत्री चावत नाही,
ती थांबली की तुम्हीही थांबा.