ऐच्छिक

फॉर्म बंद व्हायला चार दिवस होते.
मेसच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
मी पट्टी धरून तीन वर्षं आखली.
सहा सत्रं, बावीस-बावीस श्रेयांक.
आधी सांख्यिकी, मग जनुकशास्त्र,
कारण वाटाणे हिरवे किती नि पिवळे किती हे सांगायचं
तर आधी शक्यता मोजता यायला हवी.
जीवरसायन लाल पेनानं. त्याला पर्याय नाही.
एक चौकोन उरला, दोन श्रेयांकांचा,
जिथे पलीकडच्या बाजूची संकष्टी
कागदातून थोडी उमटली होती.

दादा हिंजवडीहून म्हणाला, तिथे कोडिंग टाक.
वरच्या वर्गातला झुबेर म्हणाला, आहारशास्त्र,
सगळे पास होतात, वर खायलाही मिळतं.

यादीत अगदी तळाशी, बारीक टायपात होतं :
‘गवतांची ओळख व संग्रह.
किमान दहा विद्यार्थी असल्यासच.’
शिकवणार अत्तार मॅडम.
दोन वर्षं हा विषय नुसता छापला जातोय.

वेल्ह्यात आमच्या गोठ्यात
मारवेल वेगळी बांधतात, पवन्या वेगळा.
म्हशीला फरक कळतो.
इथे तिसऱ्या मजल्यावर सगळ्यालाच गवत म्हणतात.
आईला फोन केला तर म्हणाली,
गवत शिकायला पुण्याला कशाला गेलीस?

मग मी नावं गोळा करत हिंडले.
मृण्मयीला सांगितलं, लेखी परीक्षा नाही.
अल्फियाला सांगितलं, टेकडीवर जायचं असतं, सकाळी, फोटो चांगले येतात.
जुळ्या बिडव्यांपैकी एकाला पटवलं, दोन नावं झाली.
कँटीनमध्ये चहा पाजून तिघं.
एक मुलगा तर प्राणिशास्त्राचा,
म्हणाला, गाय काय खाते ते तरी कळेल.
नऊ झाले. दहावी मी.

शुक्रवारी वेळापत्रक लागलं.
मंगळवार, बारा ते तीन : गवतं, प्रात्यक्षिक.
मंगळवार, बारा ते तीन : जनुकशास्त्र, माझी तुकडी.
ऑफिसातल्या खिरीड भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं.
‘ते सक्तीचं आहे, ताई. हे ऐच्छिक.’
मी म्हटलं, माझी इच्छा तर हीच आहे.
‘तसा रकाना नाही,’ ते म्हणाले, आणि
पुढच्या मुलीचा अर्ज घेतला.

मी नाव काढलं तर नऊ.
शेवटी खोलीतल्या शलाकाला बसवलं माझ्या जागी,
जी बागेतही फरशीवरूनच चालते.
दोन महिने भांडी मी घासायची, या बोलीवर.

वर्ग भरला.
मंगळवारी मी माश्यांना ईथर देऊन झोपवायचे,
लाल डोळे एकीकडे, पांढरे एकीकडे,
आणि खिडकीतून दिसायचे ते दहा जण
वेताळ टेकडीच्या बसकडे निघालेले,
पुढे अत्तार मॅडम, टोपी घालून,
पाठीला वर्तमानपत्रांचा गठ्ठा.
मी मोजायचे. दहा. कुणी दांडी मारलेली नाही.
मग माश्यांचा आकडा विसरायचे, पुन्हा पहिल्यापासून.

ऑक्टोबरात शलाका आली ती कुरकुरत,
मोजे दारातच काढून फेकले.
‘तुझं गवत. टोचतंय मेलं.’
दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ वगैरे ऐकलं होतं.
हे तिच्या मोज्यातलं होतं,
काळसर, पीळ घातलेलं, टोकाला सुईसारखं बी.
‘कुसळी आहे ही,’ मी म्हटलं.
‘तो सोपा भाग,’ ती पाठ करून आडवी झाली,
‘ओलं करून बघ.’

भांडी तशीच राहिली.
मी बशीत ते ठेवलं, बोटानं पाण्याचा एक थेंब सोडला.
आधी काहीच झालं नाही.
मग त्याचा पीळ उलगडायला लागला,
सावकाश, स्वतःभोवती वळत,
जमीन शोधत असल्यासारखं,
स्टीलच्या बशीत.

‘मॅडमनी विचारलं,’ शलाका भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
‘ही दहा नावं आणली कुणी म्हणून.’
मी दुसरा थेंब सोडला.
‘मग तू काय सांगितलंस?’
ती झोपली होती.