आधी घट्ट

चोडणच्या धक्क्याला फेरीबोट टेकली,
तिची लोखंडी फळी वीतभर पाण्यात बुडाली
आणि माझ्या अल्टोचं पुढचं डावं चाक
त्या खाऱ्या वीतभरातून नेहमीसारखं गेलं.
चढावावरच कळलं, हवा नाही.

स्टेपनी होती. जॅक होता.
पानाही होता, एकोणीसचा.
फक्त चार नटांपैकी एकाचीही
हलायची तयारी नव्हती.
मागे पोदेराची सायकल, तिचा भोंगा,
शाळेची रिक्षा, "बाय, बाजूक काड!"

मी पान्यावर भार टाकला. पाना सटकला.
पुन्हा टाकला. पुन्हा सटकला.
एका नटाचे सहाही कोपरे
माझ्या डोळ्यांदेखत झिजले,
साबणाच्या वडीसारखे.

रुझार आला तो सायकलवरून,
हँडलला पिशवी, पिशवीत अर्धं दुकान.
चाकापाशी उकिडवा बसला,
नखानं गंज खरवडून जिभेला लावला.
"मीठ," म्हणाला. मग जरा थांबून,
"पूण हें आवळ्ळें कोणें?"

शाणूनं. माझ्या धाकट्या भावानं.
बोटीवर जायच्या आदल्या दिवशी
चारी चाकं उतरवून पुन्हा चढवली,
पान्याच्या दांड्यात पाइप घातला
आणि पाइपवर दोन्ही पायांनी उभा राहिला.
दर नटाला एक उडी.
"ताई, वाटेत सुटायला नको."
सोळा उड्या.
पायरीवर भिजवलेले मूग सोलता सोलता
मी मोजल्या होत्या.

रुझारनं डिझेलमध्ये ब्रेकचं तेल मिसळून
प्रत्येक नटाच्या मुळाशी
थेंब थेंब सोडलं,
डोळ्यात औषध घालावं तसं.
"आयज ना. फाल्यां."
मी चालत घरी गेले.
गाडी रात्रभर तिथेच, एका खांद्यानं खचलेली,
खारफुटीकडे तोंड करून.

सकाळी त्यानं पाना लावला
आणि उलट फिरवायच्या ऐवजी
आवळला.
अरे, सोडवायचाय! मी ओरडलेच.
"सवकास, बाय."
केसभर आवळला, मग सैल दिला,
पुन्हा केसभर, पुन्हा सैल,
जणू नटाला आधी पटवून देत होता
की शाणूचं काही चुकलं नव्हतं.
आणि आतून कुठूनतरी आवाज आला,
बोट मोडल्यासारखा.
एक.
तासाभरानं दुसरा.
तिसऱ्याला पाइप लागला,
त्यावर तो आणि मी, दोघांचा भार.

चौथ्याला धरायला कोपरेच नव्हते.
तेल आधी कोरडं पुसलं, मग ज्योत.
नट काळा पडला, निळसर झाला,
शेवटी पिकल्या बोंडूसारखा लाल.
तो निवू दिला.
अठराचा सॉकेट घेतला, मापानं लहान,
आणि हातोड्यानं ठोकून ठोकून त्यावर बसवला.
फिरला! दोन सूत फिरला
आणि बोल्टासकट तुटून आला.
"मेलो," रुझार म्हणाला.
कुणाबद्दल, ते मी विचारलं नाही.

नवा बोल्ट म्हापशाहून आणण्यात दुपार गेली.
नवे चार नट त्यानं आधी बोटांनी फिरवले,
मग एकासमोरचा एक, फुलीच्या रेघांसारखे,
नुसत्या मनगटानं आवळले.
पाइप पिशवीतच राहिला.
"पन्नास किलोमीटर चालव, मग परत ये.
परत बघूया."
रायबंदर, पणजी, बँक, परत:
माझे तीन दिवस.

संध्याकाळी शाणूचा फोन,
कुठल्याशा बंदरातून, मागे इंजिनाची घरघर.
"गाडी बरी आहे ना?"
"बरी."
"नट?"
"घट्ट आहेत."
तिकडे त्यानं श्वास सोडला,
घरघरीतूनही ऐकू आला.

फोन ठेवला तेव्हा
बोटांना अजून ब्रेकच्या तेलाचा वास होता
आणि मूग भिजत घालायचे राहून गेले होते.